हुसेनसागरावरच्या शिडाच्या शर्यती

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत माझ्याआधी संतवाङ्मयावर बोलणे झाले, नाट्यसंगीतावर झाले, आणि परवा तर मधुमेहावरही झाले. अशा मालिकेत शिडाच्या होड्यांचा विषय म्हणजे श्रीखंडाच्या पंगतीत कोणी चणेफुटाणे वाढावेत तसा वाटण्याचा संभव आहे. तरीही समितीने तो मान्य केला, याचे कारण आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. गेल्या पावसाळ्यात एका शनिवार-रविवारी हुसेनसागरावर छोट्या शिडाच्या होड्यांची अजिंक्यपद स्पर्धा झाली. तीत आपल्याच एका सभासदांची कन्या उतरली होती. शेवटच्या शर्यतीत तिने जे केले, त्यावरून आपल्या वाचनालयाच्या पायऱ्यांवर तीन आठवडे वाद चालला. वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी स्पर्धा पाहिलेली नव्हती; परंतु त्यामुळे वादाच्या आवेशात काही उणेपणा आला, असे नाही. मी ती पाहिली होती, म्हणून मी बोलावे असे ठरले.

प्रथम माझा अधिकार काय, तेही सांगून टाकतो. मी शिडाची होडी चालवीत नाही. माझी हयात केंद्र सरकारच्या लेखापरीक्षा खात्यात, म्हणजे दुसऱ्यांनी भरलेल्या पावत्या तपासण्यात गेली. आमच्या शेजारी लष्करातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. आठ वर्षांपूर्वी त्यांनी मला एका रविवारी पहाटे उठवून पंचांच्या नौकेवर नेले, कारण त्यांचा नोंदणी करणारा माणूस तापाने आजारी होता. होड्या ज्या क्रमाने अंतिम रेषा ओलांडतील त्या क्रमाने शिडावरचे आकडे लिहून घेणे, एवढेच काम. आकडे लिहिण्याचे काम म्हटल्यावर मला नाही म्हणता आले नाही. तेव्हापासून ते माझ्याकडेच आहे.

आता हुसेनसागर. हा तलाव कुतुबशाहीत, इब्राहिम कुतुबशहाच्या कारकिर्दीत, १५६२ च्या सुमारास हुसेन शाह वली यांच्या देखरेखीखाली बांधला गेला, आणि त्याच्या बांधाने आज हैदराबाद आणि सिकंदराबाद ही जुळी शहरे जोडली आहेत. मध्यभागी खडकावर एकसंध दगडाची बुद्धमूर्ती उभी आहे. १९९० साली ती नेत असता तराफा कलंडला, काही माणसे प्राणास मुकली, मूर्ती दोन वर्षांहून अधिक काळ तळाशी राहिली आणि डिसेंबर १९९२ मध्ये तिची स्थापना झाली. हा इतिहास आपण पाहुण्यांना बांधावरून चालताना सांगतो, मग भुट्टा खातो आणि घरी येतो. आपले मंडळ म्हणून आपण त्या पाण्याच्या कडेला वर्षातून एकदाच जातो, तेही अनंत चतुर्दशीला गणपती पोचवायला. एका काठाला आपण बाप्पाला निरोप देतो आणि दुसऱ्या काठाला, सिकंदराबादच्या अंगाला, आपल्या मुलांच्या वयाची मुले शिडे उभारतात, हे पन्नास वर्षांत फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. तेथील लष्करी संस्थेने, ईएमई सेलिंग असोसिएशनने, पावसाळ्यातील 'हैदराबाद सेलिंग वीक'मुळे देशभरच्या खेळाडूंना हे पाणी परिचित करून दिले आहे. पाण्याचा वास आणि त्याची मलिनता याविषयी पालक विचारतात. त्यांचे विचारणे योग्य आहे. मुले किनाऱ्यावर आली की प्रथम स्वच्छ पाण्याने अंग धुतात, आणि तलाव सुधारावा म्हणून जे म्हणायचे ते आपण सर्वांनीच म्हटले पाहिजे.

होड्या मुख्यतः दोन प्रकारच्या. लहान मुलांची ती ऑप्टिमिस्ट. १९४७ साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर या गावी क्लार्क मिल्स नावाच्या कारागिराने ती बनविली. बेत असा होता की, सामान्य घरच्या मुलालाही परवडावी आणि प्लायवुडच्या दोन तक्त्यांत होडी पुरी व्हावी. म्हणून तिला टोकदार नाळ नाही. पुढून ती दुधाच्या खोक्यासारखी चपटी दिसते. लांबी सुमारे २.३ मीटर, वजन ३५ किलो, एकच शीड आणि एकच मूल. लाट आली की आत पाणी येते. कापलेल्या प्लास्टिकच्या डब्याने एका हाताने ते उपसायचे, दुसऱ्या हाताने सुकाणू धरायचे आणि शिडाची दोरी कशी धरायची ते त्या मुलाने ठरवायचे. मोठ्यांची ती लेझर. अलीकडे तिला इल्का असे म्हणतात. ब्रूस कर्बी या कॅनडातील आरेखकाची ही होडी. सव्वाचार मीटर लांब, ५९ किलोची, पूर्ण आकाराचे शीड ७.०६ चौरस मीटरचे. सर्वांच्या होड्या एकाच मापाच्या, त्यामुळे 'त्याची होडी चांगली होती' ही सबब येथे चालत नाही. १९९६ पासून ती ऑलिंपिकमध्ये आहे. आपल्याकडच्या नेत्रा कुमनन या भारताच्या पहिल्या महिला ऑलिंपिक शीडपटू याच जातीची होडी घेऊन टोकियोत उतरल्या.

शर्यत कशी होते, हे थोडक्यात सांगतो. शिडाची होडी वाऱ्याच्या अगदी तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. तिला डावी-उजवीकडे नागमोडी वळणे घेत वर चढावे लागते. म्हणून पंच पहिला बोया वाऱ्याच्या दिशेला टाकतात. पावसाळ्यात आपल्याकडचा वारा पश्चिमेचा. तो शहरातल्या इमारतींवरून येतो, त्यामुळे तुटक आणि लहरी असतो. आता उजवीकडून लागला असे वाटते तोच डावीकडून येतो. ज्याला हे आधी कळते तो पुढे जातो. कळते कशावरून, तर पाण्यावर उमटणाऱ्या काळसर सुरकुत्यांवरून, बांधावरच्या निशाणांवरून, आणि मला तर पुष्कळदा वाटते, काही मुलांच्या मानेवरच्या केसांवरून. ही मुले आकाशाकडे आपण ज्या नजरेने बघतो त्या नजरेने बघत नाहीत.

पाच मिनिटे आधी पंचांच्या नौकेवर निशाण चढते आणि भोंगा वाजतो. चार मिनिटे आधी दुसरे निशाण, एक मिनिट आधी ते उतरते, आणि पहिले निशाण उतरले की शर्यत सुरू. धावण्याच्या शर्यतीत धावपटू रेषेवर वाकून थांबतात, तसे होडीला थांबता येत नाही. वीस होड्या रेषेमागे घोटाळत असतात, आणि नेमक्या त्या क्षणी वेगात रेषेवर यायचे असते. एक क्षण आधी गेलात तर पांढऱ्यावर निळ्या फुलीचे निशाण चढते आणि मागे येऊन पुन्हा निघावे लागते. त्या मिनिटाभरात जो आरडाओरडा होतो, तो ऐकला म्हणजे आपल्या वार्षिक सभेची आठवण होते.

पाण्यावरचे नियम पुष्कळ आहेत, पण मुख्य दोन-तीनच. ज्या होडीला वारा उजव्या अंगाने लागतो तिला वाट द्यायची. दोघींनाही एकाच अंगाने लागत असेल, तर वाऱ्याकडच्या होडीने दूर राहायचे. आणि बोयाला वळसा घालताना त्याला स्पर्श करायचा नाही. पहिला नियम मोडला तर एकाच दिशेने दोन गिरक्या घ्यायच्या. बोयाला शिवलात तर एक गिरकी. गिरकी घ्या, आणि पुढे चला. झाली शिक्षा.

ही शिक्षा सांगतो कोण? येथेच माझ्यासारख्या माणसाला पहिल्या वर्षी मोठा अचंबा वाटला. तलाव एवढा मोठा, होड्या विखुरलेल्या. बोया पंचांपासून अर्ध्या मैलावर. बचावासाठी एक-दोन मोटारहोड्या असतात, पण त्यांचे लक्ष उलटलेल्या होड्यांकडे. सामान्य शर्यतीत पाण्यावर शिट्टी फुंकणारा कोणीच नसतो. नियमपुस्तकाच्या आरंभीच म्हटले आहे की, नियम पाळणे आणि ते अमलात आणणे हे स्पर्धकांचेच काम, आणि आपल्या हातून नियम मोडला तर ताबडतोब शिक्षा घ्यावी. दुसऱ्याने मोडला असे वाटले तर 'प्रोटेस्ट' म्हणून ओरडावे आणि संध्याकाळी किनाऱ्यावर लेखी तक्रार द्यावी. मग तिघाचौघांच्या समितीपुढे दोघेही आपली बाजू मांडतात. टेबलावर लाकडाच्या चिमुकल्या होड्या ठेवून 'मी येथे होतो, वारा असा होता' असे चालते. मी अशा सुनावण्यांत टिपणे घेतली आहेत. रात्री आठपर्यंत भांडणारे प्रौढ लोक मी पाहिले आहेत, आणि सरळसरळ खोटे बोलणारेही. तेव्हा शिडाच्या होडीत बसला की माणूस धर्मराज होतो, असे माझे म्हणणे नाही.

आता त्या रविवारकडे येतो. मुलीचे नाव मी घेणार नाही. ती दुसऱ्या रांगेत बसली आहे, आणि तिला ते आवडणार नाही.

ऑप्टिमिस्ट गटात सहा शर्यती झाल्या. गुण देण्याची रीत उलटी आहे : पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजेता. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकाची एक सर्वांत वाईट शर्यत बेरजेतून वगळायची होती. पाच शर्यतींत आपल्या मुलीचे क्रमांक होते एक, दोन, एक, चार, दोन. चार वगळून बेरीज सहा. तिच्या मागे होता तो मुलगा सरकारी शाळेत शिकतो. त्याची आई घरकाम करते, आणि तीन वर्षांपूर्वी त्याला कोणी तरी प्रथम पाण्यावर नेले. त्याचे क्रमांक दोन, एक, तीन, दोन, पाच. पाच वगळून बेरीज आठ. बाकीचे दूर मागे होते. शेवटच्या शर्यतीत तो पहिला आला आणि ती दुसरी, तर त्याचे नऊ आणि तिचे आठ, म्हणजे सुवर्णपदक तिचे. आणि शेवटच्या बोयापर्यंत अगदी असेच चालले होते.

या पदकाचे मोल काय, ते तिच्या वडिलांना विचारा. पंधरा वर्षे पूर्ण होतील त्या वर्षापर्यंतच या गटात राहता येते, आणि तिचे हे शेवटचे वर्ष. चार वर्षे ते तिला सुटीच्या दिवशी पहाटे पाचला स्कूटरवरून नेत होते. त्यांची बदलीची ऑर्डर येऊन पडली आहे. पुढच्या पावसाळ्यात हे कुटुंब येथे नसेल. म्हणजे 'पुढच्या वेळी बघू' असे म्हणण्याची सोय नव्हती.

शेवटच्या बोयाला वळसा घालताना वाऱ्याचा झोत फिरला आणि तिच्या शिडाचा आडवा दांडा बोयाला किंचित घासला. त्या वेळी पुढे असलेला मुलगा पाठमोरा होता. मागच्या होड्या चार-पाच लांब्यांवर होत्या आणि त्यांच्यापुढे तिचेच शीड आडवे होते. बचावनौका दुसरीकडे एका उलटलेल्या होडीपाशी होती. आम्हां पंचांना तर बोयाही धड दिसत नव्हता. किनाऱ्यावरून दुर्बीण लावून बसलेल्या वडिलांना एवढेच दिसले की, मुलगी बोया ओलांडून बाजूला झाली आणि स्वतःभोवती फिरली. त्यांना वाटले, सुकाणू तुटले. त्या गिरकीत दोन होड्या पुढे गेल्या. ती चौथी आली. आता तिच्याकडे दोन चौके झाले, त्यांतला एक वगळला, बेरीज दहा. मुलाची नऊ. एका गुणाने सुवर्णपदक गेले. हा हिशेब मी स्वतः तीनदा तपासला, आणि आयुष्यात प्रथमच बेरजेत चूक सापडावी असे मला वाटले.

आपल्या पायऱ्यांवर जे बोलले गेले ते मी ऐकले आहे. कोणी म्हणाले, कोणी पाहिले नव्हते तर कशाला? कोणी म्हणाले, घासल्याने तिला फायदा तर काहीच झाला नाही. आणि आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले की, बाकीचे सगळे असे करतात काय? शिवाय हलक्या आवाजात आणखी एक बोलणे झाले की, त्या पोराला आयते मिळाले. याचे उत्तर प्रथम देतो. त्याला आयते काही मिळाले नाही. शेवटची शर्यत तो वारा ओळखून, सर्वांच्या पुढे राहून जिंकला होता. त्याच्या नऊ गुणांत दुसऱ्याच्या गिरकीचा काडीचाही भाग नाही.

फायदा झाला नाही, हे खरे. पण बोयाला शिवू द्यायचे ठरवले, तर उद्या प्रत्येक जण त्याला घासूनच वळेल आणि परवा बोया जागेवर राहणार नाही. कोणी पाहिले नाही, या मुद्द्याविषयी मला माझ्या खात्याच्या अनुभवावरून बोलावेसे वाटते. कार्यालयात चूक उघडकीस येते ती तीन-चार वर्षांनी, आणि तिची शिक्षा एवढी जड असते की, शहाणा माणूस ती प्रथम लपवितो आणि मग लपविण्यासाठी आणखी चार कागद करतो. पाण्यावरच्या नियमकर्त्यांनी नेमके उलटे केले. शिक्षा लहान ठेवली, दहा-पंधरा सेकंदांची. ती तेथल्या तेथे भोगून मोकळे होण्याची सोय केली, आणि ती भोगली की कोणी नाव ठेवीत नाही, कागद नाही, शेरा नाही. न सांगता पुढे गेलात आणि सुनावणीत दोषी ठरलात, तर मात्र ती शर्यतच बाद. नऊ-दहा वर्षांचे मूल सरावात दर रविवारी पाच-सहा गिरक्या घेते, हसते आणि पुढे जाते. अशा चार वर्षांत किती गिरक्या झाल्या असतील? त्या दिवशी तिने विचार केला असेल असे मला वाटत नाही. मी तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "काका, लागला ना दांडा." एवढेच. तिच्या दृष्टीने माझा प्रश्नच विचित्र होता.

सगळे असे करतात काय? नाही. सगळे करीत नाहीत. सुनावण्यांचे मी आधी सांगितलेच. पण जे करतात त्यांचीही नोंद कोठे होत नाही, म्हणून त्यांची संख्या आपल्याला कमी वाटते. या मुलीची गिरकीही माझ्या वहीत नाही. वहीत फक्त चौथा क्रमांक आहे.

याच खेळातली एक प्रसिद्ध गोष्ट वाद घालणाऱ्यांनी ऐकून ठेवावी. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमधील शिडाच्या शर्यती पुसान येथे होत्या. कॅनडाचा लॉरेन्स लेम्यू आपल्या शर्यतीत दुसरा होता. जोराच्या वाऱ्यात दुसऱ्या गटातील सिंगापूरच्या दोघा खेळाडूंची होडी उलटलेली त्याने पाहिली. शर्यत सोडून तो त्यांच्याकडे गेला, त्यांना पाण्यातून काढले, बचावनौका येईपर्यंत थांबला आणि मग बऱ्याच मागून अंतिम रेषेवर आला. पंचांनी त्याला त्या शर्यतीत दुसरा क्रमांक दिला, आणि पुढे ऑलिंपिक समितीने कुबेर्तां पदकाने त्याचा गौरव केला. संकटातल्याला मदत करणे हा नियमपुस्तकातला पहिलाच नियम आहे, आणि तो पाळताना झालेले नुकसान भरून देण्याची तरतूदही आहे. बोयाला शिवल्याचे नुकसान मात्र कोणी भरून देत नाही. ते आपले आपण सोसायचे. म्हणून लेम्यूचे नाव जगाला माहीत आहे, आणि गिरक्या घेणाऱ्यांचे नाही. दोन्ही योग्यच आहे.

तिच्या वडिलांविषयी काही लोक कठोर बोलले, ते मला रुचले नाही. त्या संध्याकाळी ते रागावले होते, हे खरे. चार वर्षांच्या पहाटा ज्याच्या अंगावरून गेल्या त्याला रागावण्याचा हक्क आहे. त्यांनी मुलीला त्या दिवशी काही म्हटले की नाही, हा त्यांच्या घरचा प्रश्न आहे. पुढच्या रविवारी पहाटे पाचला त्यांची स्कूटर नेहमीप्रमाणे किनाऱ्यावर आली, एवढे मी पाहिले.

हा खेळ आपला नव्हे, तो साहेबांचा, नाहीतर लष्करी अधिकाऱ्यांचा, असेही कोणी म्हणाले. मुंबईत तो साहेबांनीच रुजविला, हे खरे आहे. पण कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराची नावे आपण दर शिवजयंतीला घेतो, आणि शीड म्हणजे काय ते मुलांना चित्रात दाखवितो! १९८२ च्या एशियाडमधील शिडाच्या शर्यती मुंबईलाच झाल्या, आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल गटात तेथे सुवर्णपदक मिळविले. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय, आणि नौका बांधली गेली गोव्यात. पण समुद्रकाठची म्हणूनच उदाहरणे हवीत असेही नाही. २०२३ मध्ये हांगझौच्या एशियाडमध्ये मुलींच्या गटात रौप्यपदक मिळविणारी नेहा ठाकूर ही देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, शिकली भोपाळच्या तलावावर. देवास म्हणजे पवारांचे संस्थान. तेथून समुद्र किती लांब आहे, ते आपल्या इंदूरकडच्या मंडळींना सांगायला नको.

शेवटी दोन कामाच्या गोष्टी. नवशिक्या मुलांचे वर्ग उन्हाळ्याच्या सुटीत भरतात. मुलाला पोहता येत असावे आणि पाण्यात पडण्याची त्याची तयारी असावी. पालकांची असावी, हे अधिक महत्त्वाचे. लाइफ जॅकेट तेथे मिळते. जुने बूट आणि कपड्यांचा दुसरा जोड घरून न्यावा. आणि पंचांच्या नौकेवर आम्हांला दोन माणसे कमी पडतात. एकाने भोंगा वाजवायचा, दुसऱ्याने घड्याळ पाहून वेळ सांगायची. निवृत्त मंडळींना हे काम सहज जमेल. ज्यांची इच्छा असेल त्यांनी आपली नावे आज जाताना चिटणीसांकडे द्यावीत. पहाटे साडेपाचला पोचावे लागते, छत्रीचा तेथे उपयोग होत नाही, आणि लिहायला पेन्सिल आणावी. शाई पावसात पसरते.